शेंडा खुडला, तरी झाड डेरेदार होईना? या चुका टाळा

शेंडा खुडून पंधरा दिवस झाले, तरी पानांच्या बगलेतले डोळे (जिथून फांदी फुटते ते सुप्त कोंब) ढिम्म. मग धीर सुटतो आणि संजीवकाची (झाडाच्या वाढीच्या हार्मोनची) बाटली घरी येते. आधी जरा थांबा, दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. ते वाहतं आहे तोवर खालचे डोळे दबलेले राहतात. शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं तरी डोळे दबलेलेच राहतात, हे थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं.

पण ऑक्सिन थांबलं म्हणजे काम झालं असं नाही. फुटायला डोळ्याला साखर लागते. वाटाण्यावरच्या २०१४ सालच्या संशोधनात दिसलं, की शेंडा गेल्यावर शेंड्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि ऑक्सिन ओसरण्याआधीच ते हलू लागतात. म्हणून सावलीतल्या रोपाचा शेंडा खुडणं, किंवा खुडताना खालची पानंही ओरबाडणं, ही सगळ्यात मोठी चूक. माझ्या दोन जास्वंदींपैकी उन्हातलीच्या बगलेत आठवड्यात मोहरीएवढा हिरवा कोंब आला. खोलीतल्या कोपऱ्यातली महिनाभर तशीच होती. तिला उजेडात आणलं, तेव्हा कुठे फुटली.

खत नसलेल्या कुंडीतही हेच होतं. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन जास्त बनवतात, आणि हे संजीवक फुटवे रोखतं (ही त्याची ओळख २००८ साली पटली). उपाशी झाडाने फांद्या आवरत्या घ्याव्यात, यात त्याचं शहाणपणच आहे. आधी खत द्या, मग कात्री.

कापताना डोळ्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर कापा. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो. कापल्यावर बऱ्याचदा सगळ्यात वरचाच डोळा जोरात निघतो आणि स्वतः शेंडा होऊन बसतो. मग लोक म्हणतात, खुडण्याचा उपयोग नाही! त्या फुटव्याला तीन-चार पानं आली की त्याचाही शेंडा खुडा. लवचीक फांदी असेल तर न कापता आडवी बांधली तरी तिच्यावरचे डोळे जागे होतात.

छाटलेली काडी लावताना तिला मुळं फुटावीत म्हणून लावतात ती ऑक्सिनयुक्त रूटिंग पावडर मात्र चिमूटभरच. ऑक्सिनचा अतिरेक झाडाला मारतो; २,४-डी हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्सिनच. काडी उलटी खोचू नका, कारण ऑक्सिन बुडख्याकडे वाहतं आणि मुळं तिथेच फुटतात.

आणि नारळ, सुपारीच्या शेंड्याला हात लावू नका. त्यांच्या खोडाला शेंड्यावर एकच वाढीचा कोंब असतो. तो गेला की झाड गेलं.