कोळ्यांचे प्रणयाराधन पाहताना या चुका टाळा

सह्याद्रीत पावसाळ्यात जायंट वुड स्पायडरच्या भल्यामोठ्या जाळ्याच्या मध्यभागी काळी-पिवळी मादी बसलेली असते आणि तिच्याभोवती काही बारीक तांबूस कोळी दिसतात. ती तिची पिल्ले आहेत असे समजून पुढे जाणे ही सर्रास होणारी चूक होय. ही मादी अंडी जाळ्यावर ठेवत नाही, जमिनीत पुरते. हे बारीक कोळी बहुधा तिच्या जातीचे नर असतात: तिचे शरीर ३ ते ५ सेंटिमीटर भरते, तर नर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा असतो. तोंडाजवळच्या आखूड पाल्पांची टोके भिंगातून फुगीर दिसली, तर तो प्रौढ नर समजावा. त्याच जाळ्यातले चांदीसारखे चमकणारे ठिपके म्हणजे आर्जिरोडिस कोळी. ते आयत्या भक्ष्यावर डल्ला मारायला आलेले असतात.

नर मादीच्या पाठीवर धागे टाकू लागला की तो तिला जखडतो आहे, असा अर्थ लावला जातो. एवढ्या नाजूक धाग्यांनी ती जखडली जाणे शक्यच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या धाग्यांचा मुख्यतः स्पर्श आणि काही अंशी गंध तिची आक्रमकता कमी करतो. नर नुसताच बसून असेल, तर मादीची शेवटची कात पडायची, म्हणजे ती प्रौढ व्हायची असू शकते, किंवा ती भक्ष्य खाण्यात गुंतण्याची तो वाट पाहत असतो. अशा वेळी जाळे हलवून त्याला ‘मदत’ करण्याचा मोह आवरावा.

उड्या मारणारे कोळी घरी डबीत ठेवून पाहणाऱ्यांचा घोटाळा वेगळा असतो. फिंटेला व्हिटाटा या जातीच्या माद्या नराच्या अंगावरून परावर्तित होणारे अतिनील-बी (यूव्ही-बी, आपल्याला न दिसणारे) किरण पाहून जोडीदार निवडतात. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत आणि साध्या एलईडी दिव्यात नसतातच. त्यामुळे खोलीत मादीने पाठ फिरवली, म्हणून नर नापसंत ठरला असे लिहू नये.

नर खाल्ला गेला म्हणजे नाकारला गेला, हेही गृहीत धरू नये. ऑस्ट्रेलियातील रेडबॅक कोळ्याचा नर मीलनाच्या वेळी स्वतःच कोलांटी घेऊन मादीच्या जबड्यावर पडतो. संशोधक मेडियन अँड्रेड यांनी १९९६ मध्ये दाखवले की खाल्ल्या गेलेल्या नरांचे मीलन अधिक वेळ चालते आणि अधिक अंडी त्यांच्याकडून फलित होतात. म्हणून नोंदवहीत नर मीलनापूर्वी मेला, चालू असताना की नंतर, हे स्वतंत्रपणे लिहावे. मादी उपाशी होती का आणि तिचे आधी मीलन झाले होते का, हे ठाऊक असल्यास तेही जोडावे.