जेल आधी, थेंब नंतर: चूक इथेच होती

औषध वाहून नेणारे नॅनोजेल, म्हणजे जेलचे अतिसूक्ष्म कण, मी एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलनिन या स्वतःहून जेल बनवणाऱ्या छोट्या पेप्टाइडपासून बनवत होते. दर वेळी डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं तंत्र) आकार मायक्रॉनच्या घरात, नळीच्या तळाशी गुठळ्या. कितीतरी दिवस मी सर्फॅक्टंटच (तेल-पाण्याच्या मिश्रणात थेंब टिकवणारा पदार्थ) बदलत राहिले. खरी अडचण वेळेची होती. डीएमएसओ या द्रावकातलं पेप्टाइडचं द्रावण पाण्यात पडलं की रेणू काही मिनिटांतच तंतू विणू लागतात, आणि मी तोवर थेंब करण्यासाठीचं तेल मोजत असे! मग क्रम उलटा केला: खनिज तेल व सर्फॅक्टंट आधी तयार, पाण्यातलं मिश्रण पातळ असतानाच तेलात, लगेच सोनिकेशन (ध्वनिलहरींनी घुसळणं). थेंब आधी झाले, जेल त्यांच्या आत धरलं. कण २०० नॅनोमीटरच्या आसपास आले, फार आनंद झाला. पेशींवर वापरणार असाल तर कणांवरचं तेल हेक्झेन या द्रावकाने धुवून काढा आणि हेक्झेनही पूर्ण उडू द्या.