समजलं नसेल तर मान डोलावू नका

नव्या देशात घर, बँक, शाळा या धावपळीत तब्येतीचा नंबर शेवटी लागतो. काही दुखत नसतानाच फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. बऱ्याच देशांत स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ हवा.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात मिळणारी माहितीपत्रकं बहुधा दुसऱ्याच कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आहाराच्या तक्त्यातले निम्मे पदार्थ आपल्या घरात शिजतच नाहीत, मग तो कागद ड्रॉवरमध्ये जातो आणि शुगर जिथल्या तिथे राहते. डायटिशियनला सरळ सांगा, ‘आम्ही दिवसभरात हे हे खातो, यातलं काय कमी करू?’ उपास करत असाल तर तेही लपवू नका. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना पोट रिकामं राहिलं, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

वजनाचंही तसंच. नेहमीच्या तक्त्यात २५ च्या खालचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) नॉर्मल धरतात. आशियाई लोकांत मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका त्याआधीच वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आपल्यासाठी २३ (धोका वाढलेला) आणि २७.५ (धोका जास्त) हे टप्पे सुचवले. तुमचा २४ असेल आणि आईवडिलांना मधुमेह असेल, तर तपासणी मागून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुभाषाच्या बाबतीत. घरोघरी हे काम पोरांच्या गळ्यात पडतं. आजीच्या अंगावरून जायच्या तक्रारी दहा वर्षांच्या नातवाने डॉक्टरला सांगायच्या? आजी बोलणारच नाही. मोठी मुलंही कमी नसतात. बाबा घाबरतील म्हणून निम्मं स्वतःच गाळतात. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा; कित्येक ठिकाणी तो फुकट मिळतो. तो आपल्याच ओळखीतला निघेल आणि बातमी गावभर होईल, ही भीती मी खूप जणांकडून ऐकली आहे. गुप्तता पाळणं त्याच्या कामाचाच भाग आहे. तरी मन धजत नसेल तर फोनवरचा, दुसऱ्या शहरातला मागा. आणि निघण्याआधी औषध कधी, किती, केव्हा बंद करायचं, हे आपल्या शब्दांत डॉक्टरला परत सांगून बघा. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आपल्याला उगाच भीड पडते.

जुने रिपोर्ट आणि औषधांची मूळ नावं जवळ ठेवा. ब्रँडचं नाव इथे कुणी ओळखणार नाही. पॅरासिटामॉललाच काही देशांत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही वेगळी समजून एकदम घेतली तर लिव्हरवर बेततं. साखरेचा आकडा मिलिमोलमध्ये आला तर १८ ने गुणा: ७ म्हणजे आपल्या मिलिग्रॅमच्या मापात १२६. टीबीची त्वचेवरची चाचणी लहानपणी घेतलेल्या बीसीजी या टीबीच्या लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. बीसीजी झाल्याचं सांगा आणि आयग्रा ही रक्ताची तपासणी होईल का, विचारा.

सुट्टीत मायदेशी जाताना ‘आपलंच पाणी, आपलेच डास’ या भरवशावर राहू नका. मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्ती असलीच, तरी ती बाहेर राहून ओसरते आणि इथे जन्मलेल्या मुलांना ती नसतेच. निघण्याआधी चार ते सहा आठवडे ट्रॅव्हल क्लिनिकची वेळ घ्या.