कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पेपराआधी

सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यातच अभ्यासक्रमाची प्रत मिळवा. युनिटांची नावं नंतर वाचली तरी चालेल, आधी क्रेडिट आणि गुणांचा तक्ता बघा. गोवा विद्यापीठात सत्र चालू असताना होते ती आयएसए आणि सत्राअखेरची ती एसईए. दोन्हींना किती गुण, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, आजारपणात बुडालेली आयएसए पुन्हा देता येते का, या तिन्हींची उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तक्त्यात सापडली नाहीत तर मॅडमना, सरांना सरळ विचारा. हजेरीची अटही तेव्हाच विचारून घ्या. सत्तरी-पेडण्याहून येणाऱ्यांच्या पावसात बस चुकतात आणि त्या दोन-दोन तासिका कधी साठतात ते कळतही नाही.

श्रेणीचं गणित एकदा स्वतः करून बघा. यूजीसीच्या दहाच्या मापात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी ४. समजा थिअरी ३ क्रेडिटची आणि प्रॅक्टिकल १ क्रेडिटचं आहे. थिअरीत बी आणि प्रॅक्टिकलला ओ मिळाली, तर १८ आणि १० मिळून २८, भागिले ४, म्हणजे ७. थिअरीची श्रेणी एका पायरीने वर गेली तर बेरीज ३ ने वाढते, प्रॅक्टिकलची गेली तर १ ने. म्हणून प्रॅक्टिकल सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही, कारण कोड चालवल्याशिवाय मॅट्रिक्स डोक्यात बसत नाही. पण निव्वळ जर्नल सजवण्यात रात्री घालवू नका.

खरा वेळ द्यायचा तो हाताने सोडवायच्या गणितांना. या विषयात पायऱ्यांना गुण असतात, नुसतं शेवटचं उत्तर पुरत नाही. ब्रेसनहॅमची रेषा, म्हणजे प्रत्येक स्तंभात खऱ्या रेषेला जवळचा ठिपका निवडत काढलेली रेषा, (२, ३) पासून (१०, ८) पर्यंत काढून बघा. डीएक्स (आडवा फरक) ८, डीवाय (उभा फरक) ५, म्हणून पहिला निर्णयांक, म्हणजे पुढचा ठिपका त्याच ओळीत की वरच्या हे ठरवणारा आकडा, ५ ची दुप्पट वजा ८, म्हणजे २. पुढे (५, ५) वर आलात की निर्णयांक बरोबर शून्य होतो. खरी रेषा तिथून पुढच्या स्तंभात ५.५ वर असते, म्हणून (६, ५) घ्या किंवा (६, ६), दोन्ही तितकेच जवळ. तुमचा नियम कोणता ते उत्तराच्या सुरुवातीलाच लिहा, म्हणजे तपासणारा अडखळणार नाही. आकृती सरकवायच्या-फिरवायच्या मॅट्रिक्सचंही तसंच. बिंदू उभा लिहिता की आडवा, त्यावर गुणाकाराचा क्रम उलटतो. आकृती एखाद्या बिंदूभोवती फिरवताना तो बिंदू आधी मूळबिंदूवर आणायचा, मग फिरवायचं, मग परत न्यायचं. हा क्रम शब्दांत एका ओळीत लिहिलात तर पुढे आकडेमोड चुकली तरी काही गुण हाती राहतात. चौकटीबाहेरची रेषा कापायच्या (क्लिपिंगच्या) कोहेन-सदरलँड पद्धतीतले चार बिटांचे कोडही असेच, कुठला बिट कुठल्या बाजूचा ते आधी लिहा. आलेखकागद मिळतो की स्वतः न्यायचा, हेही विचारा.

कॅल्क्युलेटर कुठला चालतो ते नियमात बघा आणि पेपराला बसल्यावर सगळ्यात आधी कॉस ६० काढा. ०.५ आलं तर ठीक. −०.९५ आलं तर तो रेडियनवर आहे. माझा एका इंटर्नलला रेडियनवरच राहिला होता आणि फिरवलेला त्रिकोण कागदाबाहेर गेला, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते. प्रॅक्टिकलमध्ये नेमका उलटा घोटाळा होतो: सी भाषेतला कॉस रेडियन मागतो आणि ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीचं जुनं जीएल-रोटेट (glRotate) अंश मागतं. टर्बो सी या जुन्या सी कंपायलरच्या ग्राफिक्समध्ये मूळबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात.

मित्राचा किंवा एआयने लिहिलेला कोड किती चालतो, याचा नियम सबमिशनच्या आधी समजून घ्या. उशिराला किती गुण कापतात तेही. जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती जर्नलमध्ये ठेवू नका.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सत्राच्या मधोमध येते. घरात माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते, पाहुणे असतात, रात्री आरत्या आणि भजन, आणि त्यात अभ्यास होत नाही, व्हावा अशी अपेक्षाही नको. त्यामुळे ट्रान्सफॉर्मेशन (वरची मॅट्रिक्सची गणितं) आणि क्लिपिंग चवथीआधी संपवा. झेड-बफर (मागे लपलेले भाग गाळणं), गूरो आणि फाँग शेडिंग (पृष्ठभागावर छटा देणं), बेझिए वक्र हे नंतरसाठी ठेवा. गूरो कोपऱ्यांवरच्या रंगांमधले रंग काढत जातो (अंतर्वेशन), आणि फाँग तसंच पृष्ठभागाच्या लंबाचं करतो, हा फरक आकृतीसह लिहिता आला पाहिजे.

आदल्या रात्री हॉल तिकीट, ओळखपत्र, पेन्सिल, पट्टी बॅगेत घाला. ताळगावला, विद्यापीठाच्या आवारात, परीक्षा असेल तर पणजीच्या कदंब स्थानकावर बस बदलण्याचा वेळ धरून एक बस आधीची पकडा. निकाल लागला की फेरतपासणीच्या अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी बघून ठेवा.