विंडोज ११ टाकल्यावर लॅपटॉप उघडेना? या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे घरोघरी विंडोज ११ टाकायची घाई सुरू झाली. बहुतेकांचं काम सुरळीत होतं. काहींचा लॅपटॉप मात्र रीस्टार्ट झाला की काळ्या नाहीतर निळ्या पडद्यावर अडून बसतो. घाबरू नका. फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळं बहुतेक वेळा डिस्कवर जसंच्या तसं असतं. अपग्रेड फसल्याने डेटा क्वचितच जातो. जातो तो पुढच्या तासाभरात आपण केलेल्या उद्योगांनी.

पहिला उद्योग म्हणजे पॉवरचं बटण दाबून धरणं. अपग्रेड चालू असताना लॅपटॉप स्वतःच दोन-चारदा रीस्टार्ट होतो, मधेच पडदा काळा पडतो, टक्क्यांचा आकडा हलत नाही. एसएसडी असेल तर हे लवकर उरकतं. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर काही तासही लागतात. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल किंवा कान लावल्यावर आतून कुरकुर ऐकू येत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालत असेल, तर अपग्रेड सुरूच करू नका. लाइट गेली की सगळं अर्ध्यावर राहिलं.

खरंच अडकला असेल तर आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क सगळं काढा. पेनड्राइव्हवरून बूट व्हायच्या नादात अडकलेले लॅपटॉप पुष्कळ असतात. मग अडॅप्टर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, अडॅप्टर लावा, पुन्हा सुरू करा. पडद्यावर जो मजकूर येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. 'काहीतरी निळं आलं होतं' एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

बायोसमधली ढवळाढवळ

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपल्याकडे स्वस्त पडतो म्हणून 'डॉस'वाला, म्हणजे विंडोज न टाकलेला लॅपटॉप घ्यायचा आणि दुकानदाराकडून विंडोज टाकून घ्यायचं, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. अशा कितीतरी लॅपटॉपांत विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर नावाची असते. विंडोज ११ ला लागतं यूईएफआय, म्हणजे सुरू होण्याची नवी पद्धत, आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय. तपासणीत 'चालणार नाही' असं दिसलं की माणूस एखादा व्हिडिओ बघतो, बायोसमध्ये जातो, लेगसीचं यूईएफआय करतो आणि सेव्ह करून बाहेर पडतो. पुढचा पडदा: 'नो बूटेबल डिव्हाइस'.

डिस्कला काहीही झालेलं नसतं. यूईएफआयला जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क लागते, एमबीआर डिस्कवरचं विंडोज त्याला सापडतच नाही. बायोसमध्ये परत जा (डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोव्होत एफ१ किंवा एफ२), लेगसी परत चालू करा, जुनं विंडोज उघडेल. मग बॅकअप घेऊन, विंडोजमध्येच असलेल्या 'एमबीआर टू जीपीटी' या साधनाने मांडणी बदला आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय करा. या क्रमाने फाइली जागच्या जागी राहतात. उलट क्रमाने गेलात तर दुकानदार 'डिस्क गेली, नवी टाका' म्हणायला मोकळा.

त्याच बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' हे एक बटण असतं. ते दाबल्यावर स्टोरेजची सेटिंग (डिस्कशी बोलण्याची पद्धत) रेडवरून एएचसीआयवर किंवा उलटी जाऊ शकते, आणि मग निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसतं. सेटिंग पूर्वीसारखी करा, झालं. टीपीएम ही डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप, तिच्या 'क्लिअर टीपीएम'ला तर बोटही लावू नका. का, ते पुढे आलंच.

४८ अंकी किल्ली

अपग्रेडनंतर किंवा बायोस बदलल्यावर बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचा, निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. लोक म्हणतात, 'आम्ही असलं काही लावलंच नव्हतं.' खरं आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधा. एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहा.

घोळ होतो तो खातं कोणाचं यावर. विकत घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्याच ईमेलने सेटअप केलेला असतो, नाहीतर कॉलेज किंवा ऑफिसच्या खात्याने. किल्ली तिथे जाऊन बसते. दुकानदाराला फोन करा, ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा. किल्ली मिळालीच नाही तर ते कुलूप मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. तेव्हा गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरावरचा माणूस 'पाच हजारांत उघडून देतो' म्हणाला, तर फोन ठेवून द्या.

फॉरमॅट सगळ्यात शेवटी

लोगो येतो पण पुढे जात नाही, तेव्हा लोगो दिसताच पॉवर बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं. (वर म्हटलं तसं अपग्रेड अजून चालू असेल तर हे करायचं नाही.) तिथे 'ट्रबलशूट'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधलं फीचर अपडेट (म्हणजे विंडोज ११) काढा, जुनं विंडोज परत येतं. ही सोय साधारण १० दिवसच असते, त्यामुळे अपग्रेडनंतर लगेच डिस्क साफ करून 'विंडोज डॉट ओल्ड' हा जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नका.

'रीसेट'मधलं 'कीप माय फाइल्स' ऐकायला बरं वाटतं. त्यात तुमच्या फाइली राहतात, पण टॅली, श्रीलिपीसारखी बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअरं जातात.

त्याआधी फाइली बाहेर काढायच्या असतील तर एक जुनी युक्ती आहे. त्याच मेनूतून काळी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत नोटपॅड टाइप करा. नोटपॅडच्या 'फाइल'मधून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता समोर तुमचे ड्राइव्ह दिसतात: हवा तो फोल्डर राइट क्लिक करून कॉपी करा, पेनड्राइव्हवर पेस्ट करा. किती झालं ते दाखवणारी पट्टी इथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका. आणि इथे सी ड्राइव्ह कधीकधी डी म्हणून दिसतो, म्हणून 'सी रिकामा आहे' असं बघून धसका घेऊ नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीही न करता बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. दुकानात देताना पावतीवर 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या. काउंटरवर तोंडी सांगितलेलं आत बसलेल्या कारागिरापर्यंत पोचतंच असं नाही.