‘धर्म नसता तर जग अधिक चांगले असते का?’ या प्रश्नाचा विचार कसा करावा

हा प्रश्न वादविवाद स्पर्धांत, निबंधांत आणि मित्रमंडळींच्या गप्पांत वारंवार निघतो आणि बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच भरकटतो. एक बाजू धर्मयुद्धांची आणि धर्मन्यायालयांची यादी वाचते, दुसरी बाजू रुग्णालयांची आणि अनाथाश्रमांची वाचते; मग ज्याची यादी लांब किंवा आवाज मोठा, त्याची सरशी होते. या प्रश्नाचा विचार अधिक शिस्तीने कसा करता येईल, ते येथे मांडले आहे. माझे मत मी लपवलेले नाही. ते पटले नाही तरी पद्धत वापरता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

वजा नेमके काय करायचे?

धर्म ही एकजिनसी गोष्ट नाही. ईश्वरावरची किंवा परलोकावरची श्रद्धा, विधी आणि सण, नीतिनियम, धर्मसंस्थेची सत्ता, आणि आपले कोण व परके कोण हे ठरवणारी ओळख, इतक्या निरनिराळ्या गोष्टी त्यात एकवटलेल्या असतात आणि त्या एकमेकींवाचूनही टिकतात. बौद्ध विचारात सृष्टी निर्माण करणारा ईश्वर नाही, तरी त्याची गणना धर्मांतच होते. स्वीडनमध्ये २००० साली राज्य आणि चर्च अधिकृतपणे वेगळे झाले. रविवारच्या प्रार्थनेला नियमाने जाणारे तेथे थोडेच आहेत आणि तरीही निम्म्याहून अधिक लोकांनी चर्चचे सभासदत्व सोडलेले नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या नावांनी जो रक्तरंजित संघर्ष चालला, त्यातले मूळ भांडण ब्रिटनबरोबर राहायचे की आयर्लंडमध्ये सामील व्हायचे, याचे होते. धर्मग्रंथातल्या एखाद्या वचनाचा अर्थ कसा लावायचा, यावरून तेथे कोणी बॉम्ब ठेवला नाही.

म्हणून चर्चेला बसण्यापूर्वी आपण यांतले काय काढून टाकत आहोत, ते एका वाक्यात लिहून काढावे. केवळ श्रद्धा गेली आणि ओळख राहिली, तर उत्तर आयर्लंडसारखा तंटा जागच्या जागी राहतो. केवळ संस्थेची सत्ता गेली आणि श्रद्धा उरली, तर उरलेले जग आजच्या अनेक लोकशाही देशांसारखेच दिसेल. हे एक वाक्य लिहायला लावले की वाद घालणाऱ्यांपैकी बरेच जण मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, हे उघड होते.

‘नसता’ की ‘नाहीसा झाला’?

धर्म कधी जन्मालाच आला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगेन. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी, शेतीवर पोट भरण्यास सुरुवात होण्याआधीच, शिकारी आणि कंदमुळे गोळा करणाऱ्या लोकांनी प्राण्यांच्या आकृती कोरलेले प्रचंड दगडी खांब उभे केले; त्यांचा विधींशी संबंध असावा, असे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. लेखन, नगरे आणि राज्ये यांच्याही आधीपासून जे माणसासोबत आहे, ते वगळून मागचा सगळा इतिहास नव्याने रचणे म्हणजे केवळ कल्पनाविलास होय.

आहे तो धर्म नाहीसा झाला तर काय होईल, या प्रश्नाला मात्र पुरावे आहेत, आणि ते दोन प्रकारचे आहेत: एक सक्तीने घालवण्याचे, दुसरे आपोआप ओसरण्याचे. हे दोन्ही कधीही एकाच रकान्यात टाकू नयेत.

सक्तीचे प्रयोग ठळक आहेत. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये बुद्धिदेवतेचा उत्सव झाला, पुढच्याच वर्षी क्रांतीचा नेता रोबेस्पिअर याने ‘परमतत्त्वा’चा नवा पंथ आणला आणि १८०१ मध्ये नेपोलियनने पोपशी करार करून जुनी घडी बऱ्याच अंशी परत बसवली. अल्बेनियाने १९६७ मध्ये सर्व मशिदी आणि चर्च बंद केली आणि स्वतःला नास्तिक राज्य म्हणून घोषित केले. १९९० च्या सुमारास ती बंदी उठली. सोव्हिएत संघाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत धर्माविषयीचा प्रश्न स्टालिनच्या सांगण्यावरून घालण्यात आला होता. चर्च पाडण्याची आणि धर्मगुरूंना तुरुंगात टाकण्याची मोहीम अनेक वर्षे चालू होती, अर्ज भरून घ्यायला सरकारी गणक दारात उभा होता, नाव सांगूनच उत्तर द्यायचे होते. आणि अशा वेळी सोळा वर्षांवरील लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपण श्रद्धावान असल्याचे सांगितले. ती जनगणना दडपण्यात आली. लोकसंख्या अपेक्षेहून फार कमी भरली, हे त्याचे मोठे कारण होते; परंतु १९३९ च्या जनगणनेतून धर्माचा प्रश्न गाळला गेला, यातच काय ते आले.

या प्रयोगांवरून धर्म गेला की जुलूम येतो, असा निष्कर्ष धर्माच्या बाजूने बोलणारे घाईने काढतात. तो बरोबर नाही. त्या राजवटींत जुलूम धर्माच्या अनुपस्थितीतून आला नाही. धर्म घालवण्याचे काम पोलिसांकडे सोपवण्यातून आणि विरोधाचे सगळेच मार्ग बंद करण्यातून तो आला. सक्तीविषयी हे प्रयोग पुष्कळ काही शिकवतात, निधर्मी समाजाविषयी फार थोडे.

आपोआप ओसरण्याची उदाहरणे म्हणजे स्वीडन आणि डेन्मार्क. तेथे धर्माचा प्रभाव घटला आणि समाज कोसळला नाही; श्रद्धेवाचून नीती टिकत नाही, हा जुना दावा या देशांनी खोटा पाडला आहे, असे मला वाटते. पण येथेही उलट्या दिशेची घाई टाळावी. या देशांतील आरोग्यसेवा, शिक्षण आणि पेन्शन यांमुळे जगणे सुरक्षित झाले म्हणून धर्माची गरज कमी भासू लागली, की धर्म मागे हटला म्हणून समाज सुधारला? दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

दोन्ही पारड्यांना एकच माप

एखादे अनिष्ट धर्माच्या खात्यावर मांडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: धर्म वगळला असता तर हे घडलेच नसते का? १६१८ ते १६४८ या काळातले तीस वर्षांचे युद्ध धर्मयुद्धाचे ठरावीक उदाहरण म्हणून दिले जाते, आणि त्याची सुरुवात खरोखरच कॅथलिक-प्रोटेस्टंट तंट्यातून झाली. पण १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने आणि ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याविरुद्ध. आणि तो निर्णय घेणारा मंत्री रिशल्यू हा कॅथलिक चर्चचा कार्डिनल, म्हणजे उच्च धर्माधिकारी, होता. त्या टप्प्यावर राज्याचे हित धर्माहून वरचढ ठरले होते. आत्मघातकी हल्ले केवळ परलोकाच्या आशेनेच होतात, असे मानणाऱ्याने श्रीलंकेतील तमिळ वाघांकडे पाहावे. ती संघटना वांशिक राष्ट्रवादी होती, धार्मिक नव्हती.

मात्र हा प्रश्न विचारताना लबाडी फार सोपी असते. वाईट घडले की ते राजकारण आणि चांगले घडले की तो धर्म, अशी वाटणी करणारे प्रत्येक चर्चेत भेटतात. काही अनिष्टांना धर्माखेरीज दुसरे मूळ सापडत नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकिणी ठरवून चाळीस ते पन्नास हजारांच्या आसपास माणसांना ठार करण्यात आले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या खटल्यांना शेजाऱ्यांच्या हेव्यादाव्यांनी इंधन पुरवले हे खरे, पण सैतानाशी करार केल्याचा आरोप धर्मशास्त्रानेच घडवला होता. धर्मनिंदेबद्दल देहान्त शासन देणारे कायदेही त्याच रकान्यात जातात.

एकाच माप-तोलाचा सराव करायचा असेल, तर गुलामगिरीचा इतिहास घ्यावा. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि आपल्या श्रद्धेतूनच ते या कामाला लागले होते. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला. याउलट अमेरिकेत १८४५ साली दक्षिणेतील बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी गुलाम बाळगण्याच्या प्रश्नावरूनच वेगळी संघटना काढली. दोघांच्या हातांत बायबलच होते. पहिले उदाहरण तेवढे सांगणारा आणि दुसरे तेवढे सांगणारा, दोघेही अर्धवट बोलतात. माझ्या मते यातून दिसते ते असे की धर्म बहुधा असलेल्या इच्छेला बळ आणि संघटना पुरवतो, आणि ती इच्छा कोणती हे अनेकदा बाहेरूनच ठरते.

रिकाम्या जागेचा विचार

धर्म गेल्यावर त्याची कामे कोण करणार, हा प्रश्न निधर्मीपणाच्या पुरस्कर्त्यांनी टाळू नये. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समाजशास्त्रीय अभ्यासात असे आढळले, की प्रार्थनेला नियमाने जाणाऱ्यांचे समाधान अधिक असण्यामागे मुख्यतः त्या मंडळीत जुळलेली मैत्री असते. तेथे मित्र नसलेल्या उपासकाला तो लाभ फारसा मिळत नाही. हे खरे असेल तर श्रद्धेला पर्याय शोधण्याआधी मैत्रीला, शोकात आधाराला आणि आठवड्यातून एकदा एकत्र येण्याला पर्याय शोधावा लागेल. तो शोधणे अशक्य नाही. पण कोणत्याही सरकारी खात्याला तो आजवर नीट साधलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा निर्णय येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाची इतकी कठोर चिकित्सा फार थोड्यांनी केली असेल. १९३५ मध्ये त्यांनी जन्माने मिळालेला धर्म सोडण्याची घोषणा केली, आणि एकवीस वर्षांच्या विचारानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी धर्महीनता न निवडता बौद्ध धर्म स्वीकारला. समाजाला नीतीचे अधिष्ठान हवे, असे ते मानत. हा निर्णय धर्म आवश्यक असल्याचा पुरावा नव्हे, पण कोणता धर्म आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न ‘असावा की नसावा’ याहून अधिक फलदायी असू शकतो, हे त्यातून दिसते.

उत्तर कसे मांडावे

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देऊ नये. काय वजा केले, कोणत्या मार्गाने केले, कोणासाठी चांगले आणि कशाच्या तुलनेत, हे चारही त्यात यावे. कोणता पुरावा मिळाल्यास आपण मत बदलू, तेही लिहावे; ते सुचत नसेल तर आपण विचार मांडत नसून बाजू लढवत आहोत. माझे उत्तर असे आहे: श्रद्धा नाहीशी होण्याने जग सुधारेल, असे मानायला पुरेसा आधार नाही, परंतु धर्मसंस्थेच्या हातून शिक्षा देण्याची सत्ता काढून घेतल्याने आणि धर्म सोडण्याचा मार्ग निर्धोक केल्याने ते सुधारते, याला भक्कम आधार आहे. धर्मत्याग हा गुन्हा नाही, त्यापायी घर, नोकरी वा प्राण गमवावे लागत नाहीत, अशी स्थिती कोठे आहे आणि कोठे नाही, हे तपासता येते.

या उत्तरातही एक जागा कच्ची आहे. बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य प्रौढांना उपयोगी पडते. मूल मात्र निवड करू लागण्याच्या कितीतरी आधी घरातला धर्म शिकून बसलेले असते. नास्तिक घरातले मूलही घरातलीच दृष्टी उचलते, म्हणून केवळ श्रद्धावान पालकांना दोष देणे न्यायाचे होणार नाही, आणि मुलांना काय शिकवावे हे राज्याने ठरवायचे म्हटले तर आपण पुन्हा १९६७ च्या अल्बेनियाच्या दिशेने निघतो. शाळेत सर्व धर्मांची आणि धर्म न मानणाऱ्यांच्या विचारांची ओळख करून देणे, हा मला त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो, पण घरात रोज जे ऐकू येते त्यापुढे आठवड्याचा एक तास कितपत पुरतो, याविषयी मी साशंक आहे.