जखमी वासराची शुश्रूषा
वासरू जखमी झालेले दिसताच त्याला कोरड्या, आडोशाच्या जागी जाड गवताच्या अंथरुणावर ठेवावे. मात्र शक्यतो गाय त्याच्या नजरेसमोर राहू द्यावी, कारण आई दिसली की ते शांत राहते. पाय टेकवत नसेल किंवा हाड वाकडे दिसत असेल, तर ते ओढून बसवू नये आणि पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.

जखमेभोवतीचे केस कातरून, 1 लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून ते कोमट झाल्यावर जखम धुवावी आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. जखमेला वास येऊ लागला, तर अळ्या पडल्या आहेत का, हे उजेडात कडा बाजूला करून पाहावे.

उठू न शकणाऱ्या वासराची खरी काळजी येथून पुढे सुरू होते. त्याला छातीवर बसते ठेवून दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, नाहीतर खालचे स्नायू दबून निकामी होतात. आडव्या पडलेल्या वासराच्या तोंडात दूध कधीही ओतू नये, कारण ते फुफ्फुसात जाते. वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दूध दिवसभरात विभागून, वासरू स्वतः चोखत असेल तरच पाजावे. ताप 40 अंश सेल्सियसच्या वर गेल्यास पशुवैद्यकांना लगेच कळवावे.